विहिरीवरची वेल

पान तोंडात घातलं, चावलं, आणि त्रिशलाबाईंना काहीच झालं नाही.

त्या पानमळ्याच्या दारातच थबकल्या. चपला नेहमीप्रमाणे बाहेर काढलेल्या, पाय धुतलेले, हातात सकाळी खुडलेलं पहिलं पान. पुन्हा एकदा चावून पाहिलं. पान कोवळं होतं. शीर मोडताना होणारा बारीकसा कट् आवाजही झाला. पण जिभेच्या शेंड्यावर बसणारा तो चटका नव्हता, मागून नाकात चढणारा लवंगेसारखा दरवळ नव्हता. पानाचं चित्र तोंडात ठेवल्यासारखं वाटलं.

लग्न होऊन त्या कवठाळीला आल्या तेव्हा सासूबाईंनी मळ्यातलं एक पान नुसतंच, चुना नाही, कात नाही, असं हातावर ठेवलं होतं. मगदुमांच्या घरात नव्या सुनेला ते खावं लागे. त्रिशलाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि पंगतीतल्या बायका म्हणाल्या, "बी.एस्सी. सून पानानं रडवली!" मिरजेच्या पूर्वेला तेव्हा मैल मैल पानमळे होते. शेवग्या-शेवरीच्या उंच झाडांवर लव्हाळ्यानं बांधलेल्या वेली, आत भर उन्हाळ्यात देवळासारखा गारवा, आणि त्या गारव्याला स्वतःचा तिखट वास. एसटीतून येणारा परका माणूससुद्धा खिडकीतून वास घेऊन विचारायचा, काय हो, पानमळे आले वाटतं?

आता मळ्याभोवती पांढरी जाळी होती आणि मळ्याला कसलाच वास नव्हता. हे आपल्या इतक्या उशिरा कसं लक्षात आलं, याचंच त्यांना नवल वाटलं. मिरजेचा जुना पानवाला मागच्या महिन्यात हसत म्हणाला होता, "बाई, तुमचं पान लई देखणं झालंय. पण बोलत नाही." त्यांनी ते थट्टेवारी नेलं होतं.

"अक्का," त्यांनी विहिरीकडे हाक मारली, "जरा हे पान खाऊन बघता का?"

चंद्रमतीअक्का त्यांच्या थोरल्या जाऊ. दोघींचे नवरे गेल्यावर मळ्याची वाटणी झाली होती, पण मधे बांध घातलेला नव्हता. अक्का विहिरीच्या काठावर ओणवून काहीतरी करत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मला चातुर्मासात हिरवं पान चालत नाही."

"चातुर्मास संपून किती दिवस झाले!"

"माझा बारमाही असतो. तू सोयीप्रमाणे आठवतेस आणि विसरतेस बघ."

*

कवठाळीच्या मळ्यांना तेलठिपका लागला होता त्याला आता बरीच वर्षं झाली. पानावर तेलाचा थेंब पडावा तसा डाग, भोवती पिवळी कडा, आणि पंधरवड्यात वेल नागडी. औषधं मारून मारून माणसं दमली. अक्कांच्या मनाला तर ती औषधं सोसतच नसत. कोट्यवधी जीव मारायचे आणि त्यावर पोट भरायचं, म्हणून फवारणीच्या दिवशी त्या उपास करत.

मग 'मौन' आलं. ते बनवणाऱ्या पुण्याच्या संस्थेत अक्कांचीच मुलगी प्रभा काम करत होती. तिनं पहिल्यांदा ते घरी आणलं तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून आईला आणि काकूला समजावलं होतं.

"रोगाचे जिवाणू एकेकटे भित्रे असतात, काकू. एकटा पानावर चालून गेला तर पान त्याला चिरडून टाकतं. म्हणून ते पानात शिरून गप्प बसतात आणि आपल्यासारखे आणखी किती जमलेत याचा अंदाज घेत राहतात."

"डोळे असतात होय त्यांना?" अक्कांनी विचारलं.

"वासावर. प्रत्येक जण एक वास सोडतो. जितके जास्त जमतील तितका वास दाट. तो पुरेसा दाट झाला की सगळ्यांना एकदम कळतं, आता आपण पुष्कळ आहोत. की लगेच हल्ला. प्रत्येकाकडे एक पोकळ सुई असते. ती पानाच्या पेशीत खुपसून असं काही आत सोडतात की पानाला ओरडताच येत नाही. पहारेकऱ्याच्या तोंडात बोळा कोंबावा तसं."

"आणि तुझं औषध?"

"तो वास विरघळवतं. मग हजार असले तरी प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच आहोत. बसून राहतात. मरत कुणीच नाही."

अक्कांनी निवडायचे तांदूळ पुढे ओढले. मग म्हणाल्या, "बिचारे."

मौन हे नाव गावानंच ठेवलं. अहिंसेचं औषध म्हणून कवठाळीत त्याचं फार कौतुक झालं. ड्रोन यायचे, धुक्यासारखा फवारा सोडून जायचे. त्याच्या जोडीला निर्यातवाल्यांच्या अटी आल्या. मळ्याला जाळी, पाणी यंत्रातून निर्जंतुक होऊन थेंबाथेंबानं, आत जाताना हातापायांना जंतुनाशक. पानावर टाचणीच्या टोकाएवढाही डाग चालणार नाही. त्रिशलाबाईंनी हे सगळं मन लावून केलं. बिनडागी पान हा त्यांचा अभिमान होता. करंडी उघडताच दुबईचा व्यापारी फोनवर म्हणायचा, प्लास्टिकची आहेत की काय, आणि त्या खूश व्हायच्या.

विहीर तेवढी जुन्या रीतीत राहिली होती, आणि ती अक्कांच्या ताब्यात होती. मळ्याला आता तिचं पाणी लागत नव्हतं, घरात अक्का मात्र तेच पीत. रोज सकाळी पाणी शेंदायचं, दुहेरी फडक्यातून गाळायचं. फडक्यावर राहिलेले डोळ्यांना न दिसणारे जीव गाळलेल्या पाण्यानं हलकेच खाली उतरवून घ्यायचे. ही जिवाणी, सासूबाईंपासून चालत आलेली. ती कुठंही ओतायची नाही. ज्या पाण्यातून ते जीव आले त्याच पाण्यात त्यांना परत सोडायचं, तेही वरून धबकन नाही. त्यासाठी बुडाला कडी लावलेली तांब्याची एक लहान कळशी होती. दोरीनं ती पार पाण्यापर्यंत उतरवायची, टेकली की हलका हिसका द्यायचा, कळशी पाण्यावरच कलंडते आणि जीव आपल्या घरी जातात.

अक्कांचा हात आता थरथरे. कळशी वर-खाली होताना तिच्यातलं पाणी विहिरीच्या दगडी भिंतीवर सांडे, आणि तिथं भिंतीच्या सांदीत एक पानवेल आपोआप उगवली होती. जुन्या मळ्याचीच फांदी कधीतरी पडून रुजली असावी. तिची पानं लहान, जाड, आणि अंगभर ठिपके. देवी येऊन गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखी.

त्रिशलाबाईंना ती वेल डोळ्यांसमोर नको होती.

"अक्का, ती रोगट आहे. तिच्यावरून वारं येतं ते सरळ आपल्या जाळीवर. एकदा तपासणीवाल्यांनी बघितलं तर सगळा माल नाकारतील."

"रोगट असती तर एवढ्या वर्षांत मेली नसती का?"

"ठिपके दिसत नाहीत तुम्हाला?"

"दिसतात की. माझ्याही तोंडावर आहेत. मला कुठं तोडलंस?"

दोन-तीनदा वाद झाला, एकदा तर दोघी आठवडाभर एकमेकींशी प्रभाला फोन करून तिच्यामार्फत बोलल्या. वेल राहिली.

*

उतरणीचे दिवस जवळ आले होते. वर्षातून एकदा वेली झाडांवरून सोडवून खाली उतरवतात, बुंध्याशी वेटोळं करून मातीत दाबतात, की त्या नव्यानं मुळं धरतात. त्याआधीच बातमी आली. नदीपलीकडच्या गावातले मळे गेले. मौन फवारलेले, जाळीतले, निर्जंतुक पाण्यावरचे. पंधरवडासुद्धा लागला नव्हता, आठवड्यात वेली काळ्या पडल्या होत्या.

प्रभा त्याच दुपारी आली. डोळे जागून लाल झालेले. पायही न धुता म्हणाली, "काकू, मौन संपलं."

"मागवू या की आणखी."

"तसं नाही. त्याचा उपयोग संपला. जिवाणूंनी नवी वाट काढली. त्यांनी एकमेकांची वाट बघणंच सोडून दिलं. नवा जिवाणू जमाव होईपर्यंत थांबत नाही. एकटाच येतो आणि सुई खुपसतो."

"पण तूच म्हणाली होतीस ना, एकट्याला पान चिरडून टाकतं?"

प्रभानं मान हलवली. "हो. तेच कोडं आहे. एकटा आलेला जिवाणू म्हणजे दुबळा शत्रू. पानांनी त्याला सहज आवरायला हवं. ती आवरत का नाहीत?"

तिनं गाडीतून एक पेटी काढली. पेटीत शाळेच्या पाटीएवढी एक काळसर काच आणि एक छोटा फवारा होता. यंत्राचं नाव 'कानोसा'. अक्का म्हणाल्या, "बघायचं यंत्र, आणि नाव कानोसा?"

"आई, वेली आतल्या आत बोलतात. ते ऐकू आलं असतं तर तसं यंत्र केलं असतं. दिसतं, म्हणून काच."

पानाला कुणी टोचलं, की पानाच्या पेशींतून धोक्याची एक लाट निघते. ती देठातून वेलभर पसरते. फवाऱ्यातलं धुकं पानावर बसलं की ती लाट जिथून जाईल तिथं अगदी मंद उजेड उमटतो, साध्या डोळ्यांना न दिसणारा. काच तो दाखवते. प्रभानं मळ्यातल्या एका वेलीवर धुकं सोडलं. मेलेल्या जिवाणूंच्या शेपट्यांचा चुरा एका सुईच्या टोकावर घेतला आणि पानाला लावला.

"हे फक्त दार वाजवणं आहे," ती म्हणाली. "कुणी आलंय एवढंच पानाला कळतं. आता बघा."

तिघींनी काचेत पाहिलं. अंधारात सुईच्या टोकाशी एक ठिणगी उमटली, विझत्या उदबत्तीसारखी. आणि विझली.

प्रभानं दुसरी वेल घेतली, तिसरी घेतली, मग अक्कांच्या वाटणीतली. कुठं ठिणगी, कुठं तीही नाही. सबंध मळा काचेत काळा होता. त्रिशलाबाईंनी मान वर करून पाहिलं तर तोच मळा उन्हात हिरवागार, चकचकीत, बिनडागी उभा होता.

"झोपल्यात," प्रभा हळूच म्हणाली. "आपण त्यांच्या दारावर इतकी वर्षं कुणाला येऊच दिलं नाही. त्या विसरल्यात, काकू."

त्रिशलाबाईंना सकाळचं पान आठवलं. "प्रभा, पानाचा तिखटपणा कशानं असतो गं?"

"त्यातल्या तेलानं. ते तेल म्हणजेच..." प्रभा थांबली. बोलता बोलता तिलाच ते नव्यानं दिसलं असावं. "ते पानाचं हत्यार आहे. जिवाणूंसाठी केलेलं. आपल्या जिभेला चुकून लागतं."

म्हणजे इतकी वर्षं, नव्या सुनांना रडवणारा तो चटका आपल्यासाठी नव्हताच. एका फार जुन्या लढाईतली धार होती ती, आणि माणसं तिला चव म्हणत होती.

"मग ती विहिरीवरची का झोपली नाही?" अक्का म्हणाल्या.

"कुठली?"

"तुझी काकू जिला रोगट म्हणते ती."

प्रभानं विहिरीच्या काठावर गुडघे टेकून वेलीवर धुकं सोडलं आणि सुई लावली.

काचेत वीज चमकावी तसं झालं. टोचलेल्या जागी निळसर ठिपका पेटला, शिरेशिरेनं धावला, देठात उतरला, आणि वेलीच्या अंगातून वर आणि खाली एकाच वेळी निघाला. एकेक पान उजळत गेलं, कुणी हातात पणती घेऊन जिना उतरावा तसं. शेवटच्या पानापर्यंत पोहोचल्यावर ते थांबेल असं वाटलं. पण विहिरीच्या समोरच्या भिंतीवर, जिथं या वेलीचा स्पर्शही नव्हता, तिथं तिचंच एक वेगळं रोपटं होतं. प्रभानं सहज त्याच्यावरही धुकं सोडलं होतं. थोड्या वेळानं तेही उजळलं.

विहिरीत एक पारवा फडफडला.

"हवेतून," प्रभा कुजबुजली. "वास सोडून शेजारणीला सांगितलं तिनं. वेलींच्या या वासात मलमासारखं काहीतरी असतं."

"मलमाचा वास?" अक्का म्हणाल्या. "तो इथं नेहमीच येतो की. मला वाटायचं माझ्याच गुडघ्याचा!"

तिघी हसल्या, आणि हसता हसता त्रिशलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. जिला त्या रोगट म्हणत होत्या तिच्या अंगावरचे ते ठिपके रोगाचे नव्हते. जिंकलेल्या लढायांचे वण होते ते.

*

दुसऱ्या दिवशी प्रभानं विहिरीचं पाणी तपासलं, तेव्हा त्यातल्या जीवांत तेलठिपक्याचाच एक लांबचा भाऊबंद निघाला. त्याची सुई बोथट, वेलीला मारण्याइतका दम नाही. अक्कांच्या थरथरत्या हातातून जिवाणीचे शिंतोडे रोज वेलीवर पडत, आणि त्या निमित्तानं वेलीला रोज रोगाची थोडी थोडी ओळख होत राहिली. पूर्वी सगळा मळाच त्या विहिरीच्या उघड्या पाटाच्या पाण्यावर होता, तेव्हा सगळ्याच वेलींना ही ओळख असणार.

"सासूबाईंना हे ठाऊक असेल का गं?" त्रिशलाबाईंनी विचारलं.

"मुळीच नाही," प्रभा फटकन म्हणाली. "आणि कुणापुढे तसं म्हणू नकोस, काकू. उद्या लोक म्हणतील आमच्याकडे सगळं आधीच होतं. कुणाला ठाऊक नव्हतं. मला कालपर्यंत नव्हतं. आजी दया म्हणून करत होती, आणि दयेच्या वाटेवर हे आपोआप घडत होतं." मग कामाचं बोलली. "रोग नदी ओलांडायला फार दिवस लागणार नाहीत. त्याआधी फडक्यावरची जिवाणी पाण्यात मिसळून सगळ्या मळ्यावर शिंपडायची. जाळी काढायची, मौन बंद. पानांना ठिपके पडतील, हा हंगाम विकला जाणार नाही. पण वेली जाग्या होतील. दुसरा उपाय माझ्याकडे नाही."

हंगाम जाणार म्हणजे वर्षाची कमाई जाणार, हे त्रिशलाबाईंनी मनात मोजून घेतलं. तरी त्या मान हलवणार होत्या. पण अक्का उठून उभ्या राहिल्या होत्या.

"माझ्या कळशीतले जीव मिळणार नाहीत."

"आई!"

"त्या पानांत गेले की त्यांचं काय होतं?"

प्रभा फवारा पेटीत ठेवू लागली.

"मरतात ना? मी त्यांना त्यांच्या घरी सोडते, प्रभा. लढाईला पाठवत नाही. तुझ्या सासरी... नाही, तू लग्नच केलं नाहीस, तुला काय सांगू. एखाद्याला घरी पोचवतो म्हणून न्यायचं आणि भलतीकडेच सोडून यायचं, हे मला जमायचं नाही."

त्या निघून गेल्या. प्रभा दबक्या आवाजात म्हणाली, "काकू, फडकं कुणालाही धरता येतं. विहीर दोघींची आहे. आई दुपारी मंदिरात जाते तेव्हा..."

त्रिशलाबाईंनी तो विचार केला नाही असं नाही. मळा गेला तर दोघींचाही जाणार होता, अक्कांचाही. त्यांच्या भल्यासाठीच त्यांना न सांगता करायचं, यात काय चूक? दुपारी अक्का मंदिरात गेल्याही. त्रिशलाबाई फडकं हातात घेऊन विहिरीपाशी उभ्या राहिल्या. खाली पाणी शांत होतं. ठिपक्यांची वेल वाऱ्यानं हलली, मलमाचा वास आला. आपल्या माघारी जावेनं ही वेल तोडली तर, असं अक्कांच्याही मनात कितीदा आलं असेल. तरी त्या रोज विश्वासानं पाठ फिरवून मंदिरात जात होत्या, आणि आपणही ती कधी तोडली नव्हती. त्यांनी फडकं घडी घालून परत खुंटीवर ठेवलं.

दिवस मावळायच्या आत जेवायची घरची रीत. तिघी जेवायला बसल्या. अक्कांनी आमटीचा भुरका घेतला आणि ताटाकडे बघतच म्हणाल्या, "फडक्याची घडी माझ्यासारखी नाही पडली."

त्रिशलाबाईंनी घास ताटात ठेवला. "घेतलं होतं. पण नाही केलं."

"ते कळलं. फडकं कोरडंच होतं." त्यांनी ताक ओतलं. "प्रभा, पान त्या जीवाला मारतं कसं? तुझ्या काचेत दिसतं का?"

जेवण आटोपून, अंगणात अजून उजेड होता तेवढ्यात, प्रभानं विहिरीवरच्या वेलीचं एक पान काचेखाली धरलं. या वेळी तिनं ते कितीतरी मोठं करून दाखवलं. पेशी घरांसारख्या दिसत होत्या, भिंतीला भिंत लागून वसलेल्या. एका घरात बोथट सुईचा जिवाणू शिरला होता.

"आता पान त्याला मारायला धावत नाही," प्रभा म्हणाली. "बघ काय करतं."

ज्या घरात तो शिरला होता ते घर एकदा लख्ख उजळलं. शेजारच्या घरांना त्यानं खूण केली. शेजाऱ्यांनी भिंती जाड करायला घेतल्या. आणि मग ते घर विझत गेलं. आतलं पाणी सुकलं, अन्न संपलं. ते स्वतःहून मिटलं, आपल्या चारी भिंतींसकट, आणि आत आलेल्यालाही उपाशी ठेवून. पानावर टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका राहिला. भोवतालची सगळी घरं जिवंत होती.

"स्वतःच मेली ती," अक्का म्हणाल्या.

"हो. प्रत्येक ठिपका म्हणजे अशी एक पेशी. कुणी तिला मारलेलं नाही. तिनंच अन्न थांबवलं."

अक्का काचेवरून डोळे काढेनात. त्रिशलाबाईंना माहीत होतं त्यांना काय आठवत असेल. सासूबाईंनी अखेरीस सल्लेखनेचं व्रत घेतलं होतं. अन्न सोडलं, मग पाणी सोडलं. माजघरात णमोकार मंत्र चालू होता, आणि या दोघी जावा दोन बाजूंना त्यांचे हात धरून बसल्या होत्या. चेहरा कसा उजळ होता तेव्हा!

"अगदी सासूबाईंसारखी," त्रिशलाबाई न राहवून म्हणाल्या.

"नाही." अक्कांनी मान हलवली. "सासूबाई कुणाला अडवायला गेल्या नव्हत्या. सल्लेखनेत कुणी शत्रू नसतो. ही वेल आहे, तिला तिचं पोट आहे, लेकरं आहेत. सारखं नाही ते." त्यांनी काच जरा जवळ ओढली. "पण जाणं तसंच. शांत." मग काच प्रभाकडे देत म्हणाल्या, "कुणी इतक्या शहाणपणानं जातं, आणि आम्ही तिला रोगट म्हणतो."

"मी म्हणत होते," त्रिशलाबाई म्हणाल्या.

"तूच म्हणत होतीस. मी मोठेपणा म्हणून आम्ही म्हटलं." अक्का उठल्या. "उद्या सकाळी घ्या जिवाणी. मीच गाळणार, मीच शिंपडणार. पाप लागलं तर माझ्या हाताला लागू दे. उरतील ते परत विहिरीत जातील, कळशीनंच. आणि मी तीन दिवस जेवणार नाही."

"आई, तुझं वय..."

"त्या वेलीला विचारलंस का वय?"

*

जाळी निघाली तेव्हा मळ्यात वारं शिरलं, किती वर्षांनी! अक्का पुढे, हातात तांब्या, त्यांच्यामागे त्रिशलाबाई बादली घेऊन, अनवाणी, वेलीवेलींतून. आठवड्याभरात पानांवर ठिपके फुटले. आपल्या हातांनी जपलेलं बिनडागी पान असं डागाळताना बघणं त्रिशलाबाईंना सोपं गेलं नाही. व्यापाऱ्याचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "या वर्षी माझ्या वेलींना देवी आल्यात," आणि फोन ठेवला. गावातल्या काहींनी आपापल्या विहिरींचं पाणी शिंपडून पाहिलं. कुठं साधलं, बहुतेक ठिकाणी नाही. प्रत्येक विहिरीतले जीव वेगळे होते. प्रभा फडकी गोळा करत गावोगाव हिंडू लागली.

रोग आला तो अक्कांच्या वाटणीच्या टोकाला. सकाळी पहिल्या वेलीवर तेलाचा थेंब दिसला. तिघी काच घेऊन धावल्या. सगळ्या मळ्यावर धुकं सोडून ठेवलेलंच होतं.

काचेत मळा काळा होता. मग त्या तेलकट डागाभोवती एक कडं उमटलं. ते पेटलं. पानातून वेलीत आलं, वेलीतून वर चढलं, आणि शेवरीच्या शेंड्यापर्यंत एक निळी रेघ उभी राहिली. शेजारची वेल उजळली, तिच्या शेजारची, मग ओळच्या ओळ. अक्कांच्या वाटणीतून ती लाट निघाली ती त्रिशलाबाईंच्या वाटणीत शिरली. मधे बांध नव्हताच. जाळीच्या रिकाम्या खांबांपर्यंत सबंध मळा त्या मंद उजेडात उभा राहिला, हजारो पानं एकमेकांना हाक देत होती, आणि बाहेर साध्या डोळ्यांना मात्र काहीच होत नव्हतं. सकाळचं ऊन होतं, एक खार शेवग्यावरून पळाली.

"हे रोज चालायचं?" त्रिशलाबाईंनी विचारलं. "मी नवी नवरी होऊन आले तेव्हाही?"

"माणूस यायच्या आधीपासून," प्रभा म्हणाली.

टोकाच्या काही वेली गेल्या. बाकीचा मळा ठिपकेदार अंगानं उभा राहिला.

उतरण झाली. वेली वेटोळ्या करून मातीत निजवल्या, नवे फुटवे आले. फुटव्यांना आईची आठवण राहते असं प्रभा म्हणाली, ती कशी राहते हे शोधायला तिला उरलेलं आयुष्य पुरणार नव्हतं. एके सकाळी त्रिशलाबाईंनी दारातलं पहिलं पान खुडलं. लहान, जाड, एका बाजूला तीन ठिपके. तोंडात घातलं. चटका असा बसला की त्यांना तिथंच खाली बसावं लागलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

अक्का विहिरीवरून ओरडल्या, "काय झालं गं?"

"काही नाही. सून रडली."

डोळे पुसत त्या विहिरीपाशी गेल्या. अक्का कळशीची दोरी सोडत होत्या, हात नेहमीपेक्षा जास्त थरथरत होता. उपासानंतर त्या पुरत्या सावरल्याच नव्हत्या. त्रिशलाबाईंनी काही न बोलता दोरी आपल्या हातात घेतली. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी केलं नव्हतं.

"हळू. भिंतीला लागेल."

"लागू दे थोडी. तिलाही चार थेंब हवेत ना?"

अक्का हसल्या. कळशी ठिपक्यांच्या वेलीजवळून खाली गेली, थोडी हिंदकळली, पानांवर पाणी सांडलं. मग आणखी खाली, अंधारात. दोरी हातातून सरकत राहिली, आणि एका क्षणी तिच्यावरचं वजन गेलं. पाणी लागलं होतं.

"आता?" त्रिशलाबाईंनी विचारलं.

"आता हलका हिसका. धबकन नाही. घरी चाललेत ते."